डोक्याला लागलं, आजचा खेळ संपला

रायपुरात जूनअखेर पावसाच्या दोन-चार दमदार सरी पडल्या की मैदानांवर फुटबॉल दिसू लागतो. आमच्याकडच्या भाठा जमिनीवर, म्हणजे तांबड्या मुरमाड माळावर, मे महिन्यात पहार मारली तर ठिणगी उडते. पावसानं ती जरा नरमते. मग शाळांचे संघ, मोहल्ल्यांचे संघ, पंधरा ऑगस्टचे सामने, १९६० सालापासून चालत आलेल्या सुब्रतो कपसाठीच्या निवडी असं सगळं एकापाठोपाठ सुरू होतं. २०२४ साली बस्तरमधल्या नारायणपुरात, रामकृष्ण मिशनच्या मैदानावर, वीस वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. तेव्हापासून तर आमच्या पोरांना फुटबॉल म्हणजे आपल्या आवाक्यातली गोष्ट वाटू लागली आहे.

मी तात्यापाऱ्यात राहते. मराठी घरांची ही रायपुरातली जुनी वस्ती. इथून बूढ़ा तलावाकडे गेलं की सप्रे शाळेचं मैदान लागतं. ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणाऱ्या आणि ‘दासबोध’ हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्र्यांचं नाव त्या शाळेला आहे. मी एका शाळेत खेळ शिकवते आणि सकाळी मुला-मुलींचा फुटबॉलचा सराव घेते. त्या मैदानी अनुभवातून एक गोष्ट पालकांना, शिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना आवर्जून सांगायची आहे.

गुडघा खरचटला की डेटॉल येतं, घोटा मुरगळला की स्प्रे येतो आणि पोराला बाहेर बसवलं जातं. डोक्याला खोक पडली, रक्त आलं, तर सगळं मैदान धावतं. पण डोक्याला मुका मार बसला की कुणीतरी बाटलीतलं पाणी तोंडावर मारतं, पाठीवर थाप देतं आणि म्हणतं, ‘‘कुछ नहीं हुआ, खेल!’’ सगळ्यात जपायचा अवयव आपण सगळ्यात कमी जपतो, कारण त्याची जखम दिसत नाही. ही जखम मोठ्या प्रमाणात टाळता येते, आणि झालीच तर ती वाढू न देणं पूर्णपणे आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या, हातात असतं.

‘मॅच शुरू कहाँ हुआ है?’

एका आंतरशालेय सामन्यातला प्रसंग सांगते. दुसरा हाफ चालू होता. कॉर्नर आला. आमची स्टॉपर, तेरा वर्षांची, आणि समोरच्या संघातली एक मुलगी एकाच वेळी उडाल्या. दोघींच्या नजरा वर, बॉलवर. कानशिलावर कानशील आदळलं. कवटीवर कवटी आपटली की कोरडा ‘टक्क’ असा आवाज होतो, तो बाजूच्या रेषेपर्यंत ऐकू येतो. समोरची मुलगी जमिनीवर पडून रडायला लागली, सगळे तिच्याभोवती जमले. आमची मात्र आपणहून उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. रक्त नाही, टेंगूळ नाही, रडणं नाही.

पण ती उभी होती ती तिच्या जागेच्या चार पावलं पलीकडे, आणि बॉल येईल तिकडे तिची नजर उशिरा वळत होती. मी पंचांना हात केला, आत गेले, आणि विचारलं, ‘‘शेवटचा गोल कुणी मारला गं?’’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मॅम, मॅच शुरू कहाँ हुआ है?’’

मी तिला बाहेर घेतलं. तिचे वडील कठड्यावरून खाली आले. ‘‘खेलने दीजिए मॅडम, सिलेक्शन है.’’ त्यांचं चुकीचं नव्हतं. मुलगी चालत होती, बोलत होती, काही झाल्यासारखं दिसत नव्हतं. मी नाही म्हटलं. अर्ध्या तासानं ती माझ्या शेजारी बसून छत्तीसगडीत पुटपुटली, ‘‘मुड़ पिराथे, मॅम.’’ डोकं दुखतंय. संध्याकाळी तिला दोनदा उलटी झाली. दवाखान्यात सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ आला. तरीही पुढचे बरेच दिवस तिला पुस्तकातली ओळ धरता येत नव्हती, उजेड सहन होत नव्हता, लहान भावाच्या आवाजानं ती चिडत होती. हळूहळू ती पूर्ण बरी झाली आणि पुन्हा खेळू लागली. त्या दिवशी ती उरलेला हाफ खेळली असती आणि पुन्हा एक धक्का बसला असता, तर हे इतकं सरळ झालं नसतं.

आत काय होतं

वैद्यकात याला कन्कशन म्हणतात. मेंदूला बसलेला हादरा. स्टीलच्या डब्यात दही घेऊन खडबडीत रस्त्यानं गेलं, तर डबा चेपत नाही, सांडतही नाही. पण झाकण काढलं की आतलं दही फुटलेलं असतं. कवटीतला मेंदू असाच द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं, किंवा झटक्यात वळलं, की मेंदू मागे राहतो, ओढला जातो, पिळला जातो. त्या ताणानं मेंदूच्या पेशींमधला क्षारांचा तोल बिघडतो. तो परत जागेवर आणायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा घटलेला असतो. म्हणून मूल मंद होतं, गोंधळतं, थकतं.

हा बिघाड पेशींच्या कामकाजातला असतो, म्हणून तो सीटी स्कॅनवर उमटत नाही. स्कॅन करायचा तो आत रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायला. ‘‘स्कॅन नॉर्मल आहे, उद्यापासून सरावाला पाठवतो’’ असं पालक मला फोनवर सांगतात, तेव्हा मी त्यांना हेच समजावते. दुसरा मोठा गैरसमज बेशुद्धीचा. शुद्ध गेली नाही म्हणजे फार लागलं नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्या दहातल्या एकाचीही शुद्ध जात नाही. बाकीचे सगळे डोळे उघडे ठेवून मैदानावर उभे असतात.

आणि या नाजूक अवस्थेत दुसरा मार बसला तर? बहुतेक वेळा बरं व्हायला फार जास्त दिवस लागतात. क्वचित, पण विशेषकरून कोवळ्या वयात, मेंदू झपाट्यानं सुजतो आणि जीव जातो. उत्तर आयर्लंडमध्ये जानेवारी २०११ मध्ये बेन रॉबिन्सन हा चौदा वर्षांचा मुलगा शाळेचा रग्बीचा सामना खेळताना असाच गेला. मार बसल्यावरही तो खेळत राहिला आणि शेवटी मैदानावरच कोसळला. त्याच्या आईवडिलांनी पुढे मुलांच्या खेळातले नियम बदलावेत म्हणून मोहीमच चालवली. खेळ रग्बीचा असला तरी मेंदू तोच असतो.

मार येतो कुठून

डोक्याच्या दुखापती म्हटलं की सगळ्यांना हेडर आठवतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलच्या नऊ वर्षांच्या नोंदी २०१५ साली अभ्यासल्या गेल्या. कन्कशनच्या घटनांपैकी मुलांमध्ये सुमारे तीस टक्के आणि मुलींमध्ये पंचवीस टक्के घटना हेडिंग करताना घडल्या होत्या. पण मार कशाचा बसला हे पाहिलं, तर मुलांमध्ये दोन-तृतीयांशाहून अधिक आणि मुलींमध्ये निम्म्या घटनांत तो दुसऱ्या खेळाडूचा होता: डोकं, कोपर, खांदा, गुडघा. म्हणजे बॉलपेक्षा बॉलसाठीची झटापट जास्त धोक्याची.

याचा उपाय सरावातच आहे. आमच्या पोरांना मी पहिल्या दिवसापासून ओरडायला शिकवते. बॉल वर आहे, तुला घ्यायचा आहे, तर मोठ्यानं ‘‘मेरा!’’ म्हण. गोलकीपर येतोय तर त्यानं ‘‘कीपर!’’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. लाजऱ्या मुली सुरुवातीला ओरडत नाहीत. त्यांना ओरडतं करणं हा त्यांच्या डोक्याचा विमा आहे. उडताना हात तोल सांभाळायला पसरावेत, पण कोपर खांद्याच्या वर जाता कामा नये. कोपर वर गेला की मी सरावातही शिट्टी मारते.

पंचांनी या बाबतीत कडक राहण्याचा परिणाम मोजलेला आहे. २००६ साली मुद्दाम डोक्यावर कोपर मारणाऱ्याला थेट लाल कार्ड दाखवायचं ठरलं. जर्मनीच्या बुंडेसलिगातल्या तेरा वर्षांच्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा नियम बदलल्यानंतर डोक्याच्या दुखापतींचं प्रमाण २९ टक्क्यांनी खाली आलेलं दिसलं. खेळाडू तेच, ईर्षा तीच. नियम आधी ठरला आणि तो पाळला गेला, एवढाच फरक.

मुलींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. सारख्याच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये कन्कशनचं प्रमाण जास्त आढळतं. मानेच्या स्नायूंची ताकद हे त्याचं एक कारण मानलं जातं. मान घट्ट असली की डोकं कमी झटकलं जातं. म्हणून वॉर्म-अपमध्ये मानेचे साधे व्यायाम आम्ही रोज घेतो: तळहात कपाळाला लावून ढकलायचं आणि डोकं हलू द्यायचं नाही, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. त्याला ना साहित्य लागतं ना जागा.

गोलपोस्ट आधी हलवून बघा

आता मैदानाकडे येऊ. आपल्या गावोगावच्या मैदानांवरचा सगळ्यात दुर्लक्षित धोका म्हणजे सुटा लोखंडी गोलपोस्ट. पूर्ण आकाराचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. लहान मुलांसाठी वेल्डिंगच्या दुकानातून पाइपाचे छोटे गोल बनवून घेतात. ते इकडून तिकडे उचलून नेता यावेत म्हणून जमिनीत गाडलेले नसतात. अशा पोस्टचा सगळा भार पुढच्या बाजूला असतो: दोन उभे खांब आणि वरचा आडवा दांडा. मागे नुसते बारीक पाइप. मुलांना आडव्या दांड्याला लटकण्याचा भारी मोह. एकानं लटकून झोका घेतला की मागचा पाइप जमिनीवरून उचलला जातो आणि सगळा गोल पुढे कोसळतो. दांडा थेट डोक्यावर किंवा छातीवर येतो. जगभरात मुलं यात दगावली आहेत. गोल, अगदी हलवता येणारा गोलसुद्धा, जमिनीला पक्का बांधलेला असलाच पाहिजे, असं खेळाच्या नियमपुस्तकातल्या पहिल्याच नियमात लिहिलेलं आहे.

सरावाआधी मी काय करते ते सांगते. आडव्या दांड्याला दोन्ही हात लावून तो स्वतःकडे ओढते. मागचा पाइप बोटभरही उचलला गेला, तर त्या गोलवर खेळ नाही. मागच्या पाइपावरून वाकवलेल्या लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या. उन्हाळ्यात भाठ्यात खुंटी शिरत नाही, आणि चिखलात ती धरत नाही. अशा वेळी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून त्या मागच्या पाइपावर आडव्या टाकायच्या. आणखी वजन हवं असेल तर आणखी गोण्या टाकायच्या. सराव संपला की गोल तोंडावर पालथा घालायचा, किंवा दोन गोल समोरासमोर लावून साखळीनं बांधायचे. उभ्या खांबांना जुन्या जिमच्या मॅटचे तुकडे गुंडाळून दोरीनं आवळले, तर धावत येऊन खांबावर आपटणाऱ्या पोराचं कपाळ वाचतं.

मग रेषेबाहेरचं बघायचं. आपल्या मैदानांना रेषेला लागूनच कठडा असतो, पाण्याचा नळ असतो, झेंड्याचा लोखंडी खांब असतो, क्रिकेटच्या पिचचा रोलर असतो. जिथे ते हलवता येत नाही, तिथे मैदान आखताना रेषाच आत घ्यावी; चार मीटर मैदान कमी झालं तर खेळ बिघडत नाही. आणि एकाच मैदानावर एका बाजूला फुटबॉल, दुसऱ्या बाजूला लेदर बॉलचं क्रिकेट, हे तर बंदच व्हायला हवं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची पाठ क्रिकेटकडे असते आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. वेळा वाटून घ्या, एवढंच.

बॉल कुणासाठी, हेडर कधी

आपल्याकडे बॉल म्हणजे पाच नंबर. तो मोठ्यांचा: ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबर, त्याहून लहानांसाठी तीन नंबर. तीन नंबरचा बॉल जेमतेम तीनशे ग्रॅमच्या आसपास असतो. शाळा एकच बॉल घेते आणि तिसरीपासून दहावीपर्यंत सगळे त्याच्यावरच खेळतात. त्यातून तो सायकलच्या दुकानात नेऊन दगड होईपर्यंत हवा भरून आणतात. नियमानुसार बॉलमधला दाब ८.५ ते १५.६ पीएसआय असायला हवा, आणि मुलांसाठी तो खालच्या अंगालाच ठेवावा. अंगठ्यानं दाबल्यावर बॉल जरा आत जायला हवा.

हेडिंगबद्दल जगभर विचार बदलला, त्यामागे एक मोठी कहाणी आहे. इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच आल्बियन क्लबचा जेफ ॲस्टल हेडरसाठी प्रसिद्ध होता. तो २००२ साली, वयाच्या ५९व्या वर्षी, स्मृतिभ्रंशानं गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारण नोंदवलं: व्यवसायातून जडलेला आजार. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात डॉ. विली स्ट्युअर्ट यांच्या गटानं स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट निघालं. पुढच्या अभ्यासात दिसलं की बचावफळीत खेळणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, आणि क्वचितच हेडिंग करणाऱ्या गोलकीपरमध्ये ते सर्वसाधारण लोकांइतकंच होतं.

हे निष्कर्ष आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्यांचे आहेत. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या पोराच्या पालकांनी घाबरून त्याला घरी बसवावं, असं त्यातून निघत नाही. पण वाढत्या वयात विनाकारण डोक्यावर बॉल घेत राहू नये, एवढा शहाणपणा नक्की निघतो. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग पूर्ण बंद केलं आणि अकरा ते तेरा वयात सरावातलं हेडिंग मर्यादित केलं. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं प्राथमिक शाळेच्या वयात हेडिंगचा सराव थांबवला आणि पुढे तो वयानुसार हळूहळू वाढवायचं ठरवलं.

आमच्याकडे कुणी असं लेखी बंधन घातलेलं नसलं तरी मी ते पाळते. लहान गटात छोटं मैदान, कमी खेळाडू आणि बॉल जमिनीवर. थ्रो-इनच्या जागी पायानं ढकलायचा. यात पोरांचा पाय सुधारतो आणि डोकं वाचतं. हेडिंग शिकवायची वेळ येते तेव्हा सुरुवात फुग्यानं करते. फुगा हळू येतो, त्यामुळे डोळे उघडे ठेवायची सवय लागते. डोळे मिटून मारलेला हेडर नाकावर किंवा टाळूवर बसतो. मग स्पंजचा बॉल, मग हलका बॉल, तोही दोन हात अंतरावरून हातानं टाकलेला. कपाळाचा वरचा सपाट भाग, तोंड मिटलेलं, हनुवटी आत, मान ताठ. मारायचं ते कमरेतून. एका वेळी चार-पाच, बस्स. भिंतीवर बॉल मारून एकट्यानं हेडरचा सराव करणारी पोरं मी थांबवते.

‘‘हेल्मेट घातलं तर?’’ असं आया विचारतात. २००६ मध्ये कवटी मोडल्यानंतर पेत्र चेक हा गोलकीपर पुढे कायम डोक्याला पॅड लावून खेळला, ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या मोडलेल्या हाडाला त्या पॅडचा आधार होता. पण कन्कशन म्हणजे मेंदूचं आतल्या आत हलणं, आणि ते अशा पट्ट्यांनी थांबत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शाळकरी खेळाडूंना दोन गटांत वाटून याची चाचणी झाली. डोक्याला पॅड लावणाऱ्यांत कन्कशन कमी झालं नाही. तेच पैसे गोलपोस्टच्या खुंट्यांवर आणि चार नंबरच्या बॉलवर खर्च करा.

गोल मारल्यावर कोलांटी मारायची टूम मुलं टीव्हीवरून उचलतात. २०१४ साली मिझोराममध्ये पीटर बिआकसांगझुआला या २३ वर्षांच्या खेळाडूनं गोल केल्याच्या आनंदात हवेत कोलांटी घेतली, तो डोक्या-मानेवर पडला आणि मणक्याच्या दुखापतीनं काही दिवसांत गेला. आमच्या सरावात गोलनंतर मिठी मारायची, नाचायचं, पण कोलांटी नाही.

निर्णय मुलाला विचारून घ्यायचा नाही

रिओमधल्या माराकाना मैदानावर १३ जुलै २०१४ रोजी विश्वचषकाची फायनल चालू होती. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या खेळाडूचा खांदा चेहऱ्यावर लागला. तो उठला आणि खेळत राहिला. थोड्या वेळानं त्यानं पंच रिझोली यांना विचारलं की ही फायनलच आहे ना. पंचांनी ते जर्मन संघाच्या कानावर घातलं आणि ३१व्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. जगातले उत्तम डॉक्टर बाकावर बसलेले असताना हा खेळाडू चौदा मिनिटं मैदानावर होता. मग आमच्या मैदानावर, जिथे बाकावर पाण्याचा कॅन आणि एक बॅग असते, तिथे पोराच्या ‘‘ठीक हूँ’’वर आपण कसा विश्वास ठेवतो?

मूल खोटं बोलत नसतं. त्याला खेळायचं असतं, संघ हरू द्यायचा नसतो, आणि ज्या मेंदूनं स्वतःची तपासणी करायची तोच मेंदू हादरलेला असतो. पालकांना निवड दिसत असते, कोचला ट्रॉफी दिसत असते. त्या क्षणी कुणीच शांत नसतं. म्हणून नियम आधी, शांतपणे, ठरलेला हवा: डोक्याला मार लागला आणि शंका आली, तर तो खेळाडू त्या दिवशी परत आत जाणार नाही. फिफा आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेचा गाभाही हाच आहे: संशय आला की बाहेर काढा.

संशय कशावरून घ्यायचा? पडल्यावर हालचाल नाही, उठायला वेळ लागतो, पाय लटपटतात, डोकं हातात धरलंय, नजर हरवलेली आहे, उत्तर उशिरा येतं, तेच तेच विचारतो, विनाकारण रडतो किंवा चिडतो. मुलानं सांगितलेल्या तक्रारींतही तेच दिसतं: डोकं दुखणं, घेरी, मळमळ, अंधुक दिसणं, उजेडाचा त्रास. मोठ्या मुलांना विचारायचे प्रश्न ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड मॅडॉक्स यांनी सुचवले आहेत: आपण कुठल्या मैदानावर आहोत? आत्ता कोणता हाफ? शेवटचा गोल कुणाचा? मागचा सामना कुणाशी झाला? तो जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी बाहेर. पण सगळी बरोबर आली म्हणून आत सोडायचं नाही. बाकीची लक्षणं असतील तर बाहेरच.

काही गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही, १०८ला फोन करायचा: पुन्हा पुन्हा उलटी, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, वाढती गुंगी, एका हातापायात बळ नसणं, एकाची दोन दिसणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या, नाका-कानातून पातळ पाणी किंवा रक्त. मान दुखत असेल किंवा मूल बेशुद्ध असेल, तर त्याला उठवून बसवू नका, डोक्यावर पाण्याची बादली रिकामी करू नका. मान धरून ठेवा आणि मदतीची वाट बघा. रायपुरात टाटीबंधचं एम्स आहे, डीकेएस आहे, मेकाहारा आहे; स्पर्धेच्या मैदानावरून कुठे न्यायचं हे सकाळीच ठरवून ठेवायला हवं. कानशिलाच्या हाडाआडची रक्तवाहिनी फुटली तर मूल काही काळ अगदी ठीक वाटतं आणि मग काही तासांत घसरतं. म्हणून त्या संध्याकाळी आणि रात्री त्याला एकटं सोडू नका.

घरी, शाळेत, मग मैदानावर

घरी आणल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. घरात वावरू द्या, पण मोबाइल आणि टीव्ही अगदी कमी. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि वर सांगितलेली लक्षणं नसतील, तर झोपू द्या; झोप औषध आहे. दुखण्यासाठी कुठली गोळी द्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, घरातली ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन आपल्या मनानं देऊ नका.

परतीचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळा, मग खेळ. शाळेतही सुरुवातीला अर्धा दिवस, कमी गृहपाठ, परीक्षा पुढे. खेळात आधी चालणं आणि हलकी सायकल, मग एकट्यानं धावणं आणि ड्रिबलिंग, मग संघाबरोबर पण धक्का नसलेला सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनं पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. मुलांना पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २१ दिवसांच्या आत सामना खेळायचाच नाही. हा आकडा आपण सरळ उचलावा.

खर्च किती?

शेजारच्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल उभा केला. कोल्हापुरात तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या गर्दी खेचतात. फुटबॉल गरिबाच्या पोरापर्यंत पोचतो, कारण त्याला एक बॉल पुरतो. म्हणून सुरक्षाही त्याच्या खिशात बसणारी हवी, आणि ती बसते. मुरूम भरलेल्या गोण्या, चार खुंट्या, योग्य नंबरचा बॉल, मानेचे व्यायाम, ‘‘मेरा!’’ची आरोळी, एक शिट्टी. हे कुठल्याही शाळेला परवडतं. एखाद्या मुलीला एकदा वाईट लागलं की तिच्या गल्लीतल्या चार मुलींचा खेळ सुटतो, हे मी पाहिलेलं आहे. मुलींना मैदानावर टिकवायचं असेल, तर त्यांच्या आईवडिलांचा विश्वास टिकवावा लागेल.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, मग ती शाळा असो, क्लब असो, गणेशोत्सव मंडळ असो की आमच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारखी संस्था. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी येणारा बदली खेळाडू ठरलेल्या बदल्यांमध्ये मोजू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनी २०२४ पासून तशी सोय दिलेली आहे. म्हणजे कोचला पोराला बाहेर काढताना संघाचं नुकसान दिसणार नाही. आणि प्रवेश अर्जावर, पालकांच्या सहीच्या वर, एक ओळ छापा: ‘डोक्याला मार लागल्याचा संशय आल्यास माझ्या पाल्याला त्या दिवशी पुन्हा खेळवले जाणार नाही, हे मला मान्य आहे.’ सामन्याच्या गोंगाटात जो वाद होतो, तो या एका सहीनं आठवडाभर आधीच मिटतो. यंदाचे अर्ज अजून छापायचे असतील, तर ही ओळ आजच घाला.